हैदराबाद संस्थानाच्या नावाचं हरिकेन : १:७२ प्रमाणातलं मॉडेल बांधताना

दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान बांधायचं ठरवलं की बहुतेकांची निवड स्पिटफायर किंवा मेसरश्मिटवर जाते. मराठवाड्यातल्या माणसाने पहिलं मॉडेल हॉकर हरिकेनचं करावं, आणि तेही रॉयल एअर फोर्सच्या २५३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचं, असं मला मनापासून वाटतं. या स्क्वाड्रनच्या नावातच ‘हैदराबाद स्टेट’ असे शब्द होते. निजामाने ब्रिटनच्या युद्धासाठी जो पैसा दिला, त्याची ही नोंद. १५२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनलाही हैदराबादचं नाव होतं आणि तिच्या बोधचिन्हावर निजामाची पगडी होती. ती ब्रिटनच्या लढाईत, म्हणजे १९४० मध्ये जर्मन विमानदलाशी ब्रिटनच्या आकाशात झालेल्या लढाईत, स्पिटफायर उडवत होती. तेव्हा औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाचही जिल्हे त्याच संस्थानात होते. संस्थानाच्या तिजोरीत जाणारा शेतसारा आपल्या काळ्या रानांतूनही वसूल होत होता. आपल्या आजोबा-पणजोबांना कुणी विचारलं नव्हतं, पण त्या विमानांत त्यांचाही वाटा होता. ऑगस्ट १९४० च्या अखेरीस २५३ स्क्वाड्रन लंडनच्या दक्षिणेला केनलीच्या तळावर आली आणि ब्रिटनच्या लढाईतल्या सर्वांत कठीण दिवसांत तिथून लढली. विमानांच्या अंगावर तिची कोड-अक्षरं होती ‘एसडब्ल्यू’.

दुसरं कारण तांत्रिक आहे. सिडनी कॅमने आखलेल्या या विमानाने पहिलं उड्डाण केलं ६ नोव्हेंबर १९३५ ला, म्हणजे कापडी विमानांचं युग संपून धातूचं युग सुरू होत होतं तेव्हा. म्हणून हरिकेन अर्धं जुनं आणि अर्धं नवं आहे. नाकापासून कॉकपिटपर्यंत धातूचे पत्रे. त्यामागे पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि पट्ट्यांवर ताणून बसवलेलं कापड. उन्हाळ्यात बाजेवर ताणून बांधलेल्या चादरीखाली दोऱ्या उमटतात, तशा या पट्ट्या कापडातून उमटलेल्या दिसतात. मॉडेल चांगलं झालं की नाही, हे याच भागावरून ओळखता येतं. पुढच्या प्रत्येक टप्प्यात धातू कुठे संपतो आणि कापड कुठे सुरू होतं, हे डोक्यात ठेवा.

संच घेण्याआधी

संच म्हणजे जोडायच्या सुट्या प्लास्टिक भागांचा खोका. पहिल्यांदा करणाऱ्याने १:७२ प्रमाण घ्यावं, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढं. खऱ्या हरिकेनच्या पंखांचा विस्तार १२.१९ मीटर, १:७२ मध्ये तो साधारण १६९ मिलिमीटर होतो, म्हणजे मॉडेल तळहाताएवढं. १:४८ मध्ये तो २५४ मिलिमीटर होतो. तपशील जास्त दिसतात, पण जागाही जास्त लागते आणि चुकाही जास्त दिसतात.

संच ‘मार्क वन’चाच, म्हणजे हरिकेनच्या पहिल्या आवृत्तीचाच हवा, आणि धातूच्या पंखांचा. सुरुवातीच्या हरिकेनचे पंखही कापडी होते आणि एअरफिक्स कंपनीचा १:७२ मधला एक संच तशाच पंखांचा आहे. १९४० च्या उन्हाळ्यातलं लढाऊ विमान करायचं तर तो चालणार नाही. खोक्यावरच्या चित्रात पंखांवर आडव्या बरगड्या उमटलेल्या दिसत असतील तर दुसरा शोधा. आर्मा हॉबी कंपनीचा मार्क वन बारकाव्यांत सरस आहे, एअरफिक्सचा धातूच्या पंखांचा संच जोडायला सोपा. बहुतेक संचांत ‘एसडब्ल्यू’ अक्षरं मिळणार नाहीत. त्यासाठी मध्यम करड्या रंगातल्या सुट्या कोड-अक्षरांचा डेकल ताव (पाण्यात भिजवून विमानावर चिकटवायच्या छापील चिन्हांचा कागद) वेगळा मागवावा लागतो.

संचासोबतच एका विशिष्ट विमानाचा फोटो शोधा आणि प्रिंट काढून टेबलासमोर चिकटवा. विमानाचा अनुक्रमांक, रॉयल एअर फोर्सच्या वर्तुळाकार चिन्हांची जागा, नाकावरची प्रोपेलरची टोपी रोटॉल कंपनीची की डी हॅविलंडची, एरियलची तार आहे की नाही, यातलं काहीही आठवणीवर किंवा अंदाजावर सोडू नका. एकाच महिन्यातल्या दोन विमानांतही हे तपशील वेगळे असत.

हत्यारं आपल्याच बाजारात

परदेशी हत्यारांच्या याद्या वाचून घाबरायचं कारण नाही. औषधांच्या दुकानात, विशेषतः सर्जिकल सामान ठेवणाऱ्या दुकानात, ३ नंबरची मूठ आणि ११ नंबरची ब्लेड मिळते. छंदासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक सुऱ्यांपेक्षा ती धारदार आणि स्वस्त असते. संभाजीनगरच्या सराफ्यात किंवा नांदेड-लातूरच्या सराफ बाजारात सोनारांचं सामान विकणाऱ्याकडे जा. टोकदार चिमटे, बारीक कानशींचा संच, हाताने फिरवायचं बारीक ड्रिल आणि डोळ्याला लावायचं भिंग एकाच ठिकाणी मिळेल. वॉटर पेपर मोटारींचे रंग विकणाऱ्यांकडे घ्या. ४००, ६००, १०००, १५०० आणि २००० नंबरचे दोन-दोन पुरतात. वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांमुळे संभाजीनगरात असं सामान मुबलक आहे. तेलरंग, टर्पेंटाइन आणि ब्रश औरंगपुऱ्यातल्या स्टेशनरीच्या दुकानांत मिळतात.

बाहेरून मागवावं लागतं ते पातळ पॉलिस्टायरिन गोंद, साइड कटर, मास्किंग टेप, डेकल मऊ करणारं द्रावण आणि मॉडेलचे रंग. गोंदावर काटकसर करू नका. फेविक्विक प्लास्टिकला वरून चिकटतं. पॉलिस्टायरिनचा गोंद दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतो. सांधा घासून नाहीसा करायचा असेल तर हाच लागतो.

कापणं, धुणं, जुळवून पाहणं

भाग साच्याच्या चौकटीवर असतानाच कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब टाकून धुवा. साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर राहिला तर रंग पापुद्र्यासारखा निघतो. सावलीत वाळवा, एप्रिल-मेमध्ये आपल्या गच्चीवर पातळ प्लास्टिक वाकायला वेळ लागत नाही.

भाग कापताना कटर भागाला टेकवून दाबू नका. थोडी दांडी ठेवून कापा, उरलेली ब्लेडने पातळ-पातळ छिला, शेवटी ६०० नंबरच्या कागदाने घासा. प्रत्येक जोड आधी गोंद न लावता जुळवून पाहा. हरिकेनमध्ये पंख आणि धड यांच्या खालच्या जोडात हे सर्वांत महत्त्वाचं. तिथे फट दिसली तर ती आतून घासून बसवता येते. गोंद वाळल्यावर फक्त फटीत पुट्टी भरणं हातात राहतं.

कॉकपिट

१:७२ मध्ये कॉकपिट बंद झाल्यावर अर्धंच दिसतं, तरी इथे एक संध्याकाळ द्यावी. हरिकेनला कॉकपिटची जमीन नव्हती. वैमानिकाचे पाय पेडलांकडे जाणाऱ्या दोन अरुंद पट्ट्यांवर असत, खाली नळ्यांचा सांगाडा आणि अंधार. म्हणून खालचा भाग सपाट हिरवा रंगवू नका. बाजू आणि आसन ब्रिटिश कॉकपिटच्या राखाडी हिरव्या रंगात (हम्ब्रोल कंपनीचा ७८ नंबरचा रंग जवळचा आहे), नळ्या चंदेरी, खालची पोकळी काळपट. उपकरणांचा फलक काळा. मधोमध सहा मुख्य तबकड्यांचा चौकोनी गट. संचात त्याचं डेकल असेल तर तेच वापरा, हाताने रंगवण्यापेक्षा ते चांगलं दिसतं.

आसनाचे पट्टे नसतील तर मास्किंग टेपची केसाएवढी पट्टी कापून फिकट खाकी रंगवा, चिमट्याने किंचित वाकवा आणि बसवा. सगळं वाळलं की बर्न्ट अंबर तेलरंग टर्पेंटाइनमध्ये चहाइतका पातळ करून कोपऱ्यांत सोडा. मग कोरड्या ब्रशवर फिकट राखाडी घेऊन उंचवट्यांवर हलकेच फिरवा.

धड आणि कापडी पाठ

धडाचे दोन अर्धे जोडताना मागच्या शेपटीपासून सुरुवात करा. थोडा-थोडा पातळ गोंद ब्रशने सांध्यात सोडत पुढे या आणि हलका दाब द्या. सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकची बारीक धार बाहेर आली की जोड घट्ट बसला. तिला हात लावू नका, दोन दिवस पूर्ण कडक होऊ द्या.

सांधा घासताना बहुतेक हरिकेन बिघडतात. नाकावर बिनधास्त घासा, तो धातूचा गुळगुळीत पत्रा आहे. कॉकपिटच्या मागे मात्र पाठीवर आणि पोटाखाली सांध्याच्या दोन्ही बाजूंना पट्ट्यांच्या उंच रेषा आहेत. कागद आडवा फिरवला की त्या सपाट होतात आणि कापडाचा भास संपतो. दोन्ही बाजूंच्या जवळच्या पट्ट्यांवर आधी टेपचे दोन-तीन थर लावा. मग १००० नंबरच्या कागदाची बारीक घडी करून फक्त मधली अरुंद पट्टी, विमानाच्या लांबीच्या दिशेने घासा. एखादी पट्टी गेलीच तर साच्याच्या चौकटीची दांडी मेणबत्तीवर धरून ओढा, केसासारखी तार निघेल. ती पातळ गोंदाने त्या रेषेवर बसवा आणि २००० नंबरने वरून हलकेच घासा. प्रायमरखाली ती मूळचीच वाटते.

बारीक फटींसाठी फेविक्विकमध्ये टाल्कम पावडर मिसळून लुकण करा. ते अर्ध्या तासात घासून घ्या, उद्यावर टाकलं तर आजूबाजूच्या प्लास्टिकपेक्षा कडक होतं. गॅरेजमधली मोटारीची पुट्टी वापरता येते, पण तिच्यातलं थिनर तिखट असतं. एकाच वेळी जाड भरली तर खालचं प्लास्टिक मऊ पडून खचतं.

पंखांचा कोन

हरिकेनच्या पंखाचा मधला भाग, जिथून चाकं खाली येतात, तो सपाट आहे. बाहेरचे भाग तिथून वर उचललेले आहेत. पूर्ण पंख एकसारखा वर गेला किंवा एक बाजू कमी उचलली गेली तर रंग कितीही चांगला असला तरी मॉडेल चुकलेलं दिसतं. गोंद ओला असताना विमान काचेवर किंवा फरशीवर ठेवा, दोन्ही टोकांखाली सारख्या उंचीच्या काडेपेट्या ठेवून समोरून एका डोळ्याने पाहा. टोक खाली झुकत असेल तर एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत टेप ताणून रात्रभर तसंच राहू द्या.

जोडण्यापूर्वी पंखाची मागची कड आतल्या बाजूने घासून पातळ करा. १:७२ मध्ये एक मिलिमीटर जाड कड म्हणजे खऱ्या विमानात सात सेंटिमीटरची कड. पुढच्या कडेवरचे दोन दिवे आणि बंदुकांची आठ छिद्रं साफ ठेवा. प्रत्येक पंखात चार अशा ०.३०३ इंची ब्राउनिंग बंदुका होत्या आणि त्यांच्या तोंडावर धूळ-ओल जाऊ नये म्हणून कापड चिकटवलेलं असे. रंगकामानंतर तिथे मंद लाल रंगाच्या छोट्या चौकोनी पट्ट्या बसवल्या की विमान उड्डाणाला सज्ज दिसतं. गोळ्या झाडून परतलेलं दाखवायचं तर छिद्रं उघडी ठेवा आणि पंखाखाली धुराचे काळे ओघळ दाखवा.

रंग आणि आपलं हवामान

परदेशी मार्गदर्शनातली माहिती आपल्याकडे जशीच्या तशी लागू होत नाही, ती मुख्यतः इथे. मेमध्ये पारा बेचाळीसच्या आसपास असताना एअरब्रशमधून (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या हत्यारातून) निघालेला ॲक्रिलिक रंग पृष्ठभागापर्यंत पोचण्याआधीच अर्धा वाळतो. मॉडेलवर खरखरीत भुकटी बसते आणि वर डेकल नीट चिकटत नाही. सकाळी सहा ते आठ ही रंगकामाची वेळ धरा. रंग नेहमीपेक्षा पातळ करा, त्यात वाळणं लांबवणाऱ्या द्रावणाचे काही थेंब घाला, हवेचा दाब कमी ठेवा आणि मॉडेलच्या जवळून फवारा. पंखा बंद. कूलरसमोर कधीच रंगवू नका. त्याची ओलसर हवा लॅकर आणि वार्निशवर पांढुरकी झाक आणते. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस लागून राहिला असेल तर लॅकर आणि मॅट वार्निश पुढे ढकला, तेवढ्या दिवसांत दुसऱ्या मॉडेलचं कॉकपिट होतं. फवारणीआधी खोलीची फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्या म्हणजे धूळ उडत नाही. भारनियमनाचं वेळापत्रक पाहूनच कॉम्प्रेसर लावा. थिनरचा वास येणारं प्रत्येक काम खिडकी उघडी ठेवून आणि गॅलरीत-पोर्चमध्ये करता आलं तर तिथे, तोंडाला कार्बन फिल्टरचा मास्क लावून करा. कापडी मास्क वाफ थांबवत नाही.

पहिला थर राखाडी प्रायमरचा. मोटारींचा स्प्रे प्रायमर वापरत असाल तर आधी साच्याच्या दांडीवर मारून पाहा. प्लास्टिक चिकट होत असेल तर तो नको. प्रायमर सांध्यातले सगळे दोष उघडे करतो. ते आत्ताच दुरुस्त करा.

ब्रिटनच्या लढाईतल्या विमानाची खालची बाजू जून १९४० पासून ‘स्काय’ रंगाची, म्हणजे फिकट हिरवट. त्याआधी ती अर्धी काळी आणि अर्धी पांढरी असे. बदलाच्या गडबडीत काही विमानांवर थोड्या वेगळ्या फिकट छटा लागल्या, म्हणून शेजारच्या मॉडेलपेक्षा तुमची छटा किंचित वेगळी असेल तर हरकत नाही. वरची बाजू डार्क अर्थ आणि डार्क ग्रीन यांच्या नागमोडी पट्ट्यांची. हम्ब्रोलमध्ये २९, ३० आणि खालच्या बाजूसाठी ९०. टामिया कंपनीच्या रंगांत एक्सएफ-५२, एक्सएफ-८१ आणि एक्सएफ-२१ घेतले तरी चालतात, फक्त एक्सएफ-५२ ला थोडा पिवळा-तांबूसपणा द्यावा लागतो. प्रत्येक रंगात पांढऱ्याचे किंवा फिकट बदामीचे काही थेंब घाला. लहान मॉडेलवर मूळ रंग नेहमी जास्त गडद वाटतो.

क्रम फिकटाकडून गडदाकडे ठेवा: आधी स्काय, मग वरती सगळीकडे डार्क अर्थ, मग हिरवा. हिरव्यासाठी ब्लू-टॅकच्या (पुन्हा काढता येणाऱ्या चिकट मळीव पदार्थाच्या) सापासारख्या बारीक गुंडाळ्या संचातल्या रंगाच्या नकाशाप्रमाणे मांडा आणि मधल्या भागावर टेप लावा. फवारा गुंडाळीला काटकोनात हवा. तिरपा मारला तर कडा पसरट होते आणि १:७२ मध्ये ती पसरट कडा खऱ्या विमानावर हातभर रुंद होईल.

एअरब्रश नसेल तर हे विमान ब्रशनेही छान होतं. मऊ सपाट ब्रश, दुधाइतका पातळ रंग, तीन-चार थर आणि प्रत्येक थर आधीच्या दिशेच्या काटकोनात. कापडावर वापरायचे दुकानी ॲक्रिलिक रंग प्लास्टिकवर जाड बसतात आणि पट्ट्यांचे उंचवटे बुजवतात. ते तळपट्टीच्या मातीसाठी ठेवा.

डेकल आणि क्षाराचं पाणी

रंगावर चकचकीत वार्निशचा थर द्या, एक दिवस वाळू द्या आणि मग डेकल लावा. पाणी बोअरचं नको. मराठवाड्यातल्या बोअरच्या पाण्यातले क्षार वाळल्यावर डेकलच्या काठाने पांढरी रेघ सोडतात आणि ती मॅट वार्निशखाली कायमची अडकते. आरओचं किंवा बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी वापरा, तेही कोमट. पत्र्याच्या खोलीत उन्हाळा काढलेला जुना डेकल ताव पाण्यात तुकडे-तुकडे होऊ शकतो. आधी एक बिनकामाचं चिन्ह भिजवून पाहा; तडकत असेल तर सगळ्या तावावर चकचकीत वार्निशचा पातळ फवारा द्या आणि मग चिन्ह सुटं कापा.

पंखांच्या वरच्या बाजूला फक्त लाल-निळी वर्तुळं, धडाच्या बाजूला पिवळ्या कड्याची. पंखाखालच्या वर्तुळांत १९४० मध्ये बदल होत होते, म्हणून तिथे फोटो पाहूनच ठरवा. कापडी धडावर वर्तुळ आणि ‘एसडब्ल्यू’ लावली की डेकल मऊ करणारं द्रावण घाला आणि दहा मिनिटं हात लावू नका. ते सुरकुततं, मग पट्ट्यांच्या रेषांत बसतं. अजून पोकळ दिसलं तर सुईने टोचून पुन्हा एक थेंब. अक्षरांवर पट्ट्यांच्या उभारलेल्या रेषा स्पष्ट दिसल्या की ती रंगवल्यासारखी वाटतात.

वापराच्या खुणा

चंदेरी ओरखडे फक्त धातूवर येतात. वैमानिक चढायचा तिथे पंखाच्या मुळाशी, नाकावरच्या झाकणांच्या कडांना आणि बंदुकांच्या झाकणांभोवती थोडेसे द्या. कॉकपिटच्या मागे कापडावर चंदेरी ठिपका दिसला की पाहणाऱ्याला कळतं, करणाऱ्याने विमान ओळखलं नाही. कापडाला मात्र धूळ आणि ऊन लागतं. पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना पातळ गडद वॉश (खूप पातळ केलेला रंग) सोडून वरच्या काठांवर मूळ रंगाची फिकट छटा कोरड्या ब्रशने फिरवली की ताणलेलं कापड दिसतं. एक्झॉस्टच्या नळ्यांमागे काळपट तपकिरी धूर पंखाच्या मुळावरून मागे जाऊ द्या. वाऱ्याची दिशा लक्षात ठेवा. आपल्या गावची काळी किंवा तांबडी माती चाकांवर लावण्याचा मोह होतो, पण हे विमान इंग्लंडच्या मैदानावर उभं आहे. तिथली ओली तपकिरी-हिरवट माती हवी.

शेवटी मॅट वार्निश, कोरड्या हवेच्या सकाळी.

शेवटचे भाग आणि ठेवण

कॉकपिटची काच, तिच्यावरची मास्किंग टेप काढल्यावर, फेविकोलने चिकटवा. ओला असताना पांढरा, वाळल्यावर पारदर्शक. फेविक्विकची वाफ काचेवर धुकं आणते आणि ते निघत नाही. चाकांचे पाय पुढे किंचित झुकलेले असतात; दोन्ही पाय समोरून आणि बाजूने सारखे दिसेपर्यंत गोंद वाळू देऊ नका. चाकाचा जमिनीला टेकणारा भाग किंचित घासा म्हणजे वजन जाणवतं. फोटोत एरियलची तार असेल तर ओढलेल्या प्लास्टिकचीच घ्या, एका टोकाला थेंबभर गोंद लावून ते एरियलच्या खांबाला चिकटवा, ते धरलं की दुसरं टोक सुकाणूच्या वरच्या टोकाला टेकवा. सैल राहिली तर विझलेल्या अगरबत्तीचं गरम टोक लांबूनच दाखवा, तार आपोआप ताणते.

धुळीपासून वाचवण्यासाठी ॲक्रिलिक शीटचं खोकं करून घ्या; फलकांचं काम करणारे कारागीर मापात बनवून देतात. पश्चिमेच्या खिडकीत ठेवू नका, डेकल पिवळे पडतात. मेच्या दुपारी बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तर अजिबात नको, पंख खाली झुकू शकतात. प्रदर्शनाला न्यायचं असेल तर खोक्यात स्पंजमध्ये विमानाच्या आकाराची खाच कापा, वजन पंखांच्या मुळाशी पडेल असं बसवा, आणि प्रोपेलर व एरियलची तार तिथे पोचल्यावरच लावा.